गाडी भोकरला चहापुरती थांबते

भोकर म्हटले की आमच्या घरात पहिली आठवण निघते ती लोणच्याची. उन्हाळ्यात मंडईत ती हिरवी, गोलसर, आतून चिकट फळे दिसली की आमच्या मातोश्रींचा हात आपोआप पिशवीकडे जातो. त्यामुळे याच नावाचे एक गाव आहे, ते नांदेड जिल्ह्यातले तालुक्याचे ठिकाण आहे आणि तेथे आगगाडीही थांबते, हे कळल्यावर आमच्या धाकटीने विचारले, "म्हणजे तिथले सगळे लोक रोज लोणचंच खातात का?"

तिच्या या शंकेचे निरसन करण्याचा योग एका श्रावणात आला. माझी बहीण नांदेडला असते. मातोश्रींना माहूरच्या रेणुकेचे दर्शन घ्यायचे होते, मुलांना सहस्रकुंडचा धबधबा पाहायचा होता आणि आमच्या सौभाग्यवतींना चार दिवस स्वयंपाकघरातून सुटका हवी होती. तिन्ही हेतू एकाच रस्त्याने साधत होते. पहिला दिवस नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात काढून दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही भाड्याच्या जीपने निघालो.

नांदेडहून माहूरकडे जाणारा एक रस्ता भोकर, हिमायतनगर, इस्लापूर, किनवट असा जातो. नांदेडपासून भोकर सुमारे पन्नास किलोमीटर. पावसाने धुतलेली कापसाची आणि सोयाबीनची शिवारे मागे टाकीत आम्ही भोकरला पोहोचलो तेव्हा गाव नुकतेच जागे होत होते. ड्रायव्हरने न विचारताच गाडी एका चहाच्या हॉटेलापुढे उभी केली. हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, दोन बाकडी आणि भट्टी. मालकाने मातोश्रींना "आजी, इकडं बसा, तिकडं धूर येतंय" म्हणून बाकावरची जागा पुसून दिली आणि मला विचारले,

"कुठं चाललाव साहेब? सहस्रकुंडाला का माहूरला?"

"दोन्हीकडे," मी म्हणालो.

"हां, मग बरोबर हाय. इथून समदे तिकडंच जायलेत. पहिल्यापेक्षा गाड्या लई येयलेत आता. पन भोकरात कोन थांबतंय? चहापुरतं थांबतेत अन् निघतेत."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पाऊस कमी झाला, असे सांगावे तसे त्याने ते सांगितले. पण पुढच्या साऱ्या प्रवासात ते वाक्य माझ्या मनात घोळत राहिले. एखाद्या ठिकाणी माणसे का जातात? गेली तर का थांबतात? आणि त्यांच्या येण्याने तेथल्या माणसांचे काय होते? आपण हौसेने सहली काढतो, पण या प्रश्नांकडे सहसा पाहत नाही. त्या चार दिवसांत जे पाहिले आणि त्या निमित्ताने जे आठवले, ते वाचकांपुढे ठेवतो.

माणूस घर का सोडतो?

पर्यटन हा शब्द आता आता रुळला. आपले वाडवडील जात ते यात्रेला. पंढरपूर, काशी, रामेश्वर ही त्यांची पर्यटनस्थळे. घर सोडण्यास त्यांना सबळ कारण लागे, आणि देवाइतके सबळ कारण दुसरे कोणते? नांदेड जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. माहूरगड हे साडेतीन शक्तिपीठांपैकी एक पूर्ण पीठ. रेणुकामाता, दत्तात्रेय, अनसूया अशी दैवते एकाच डोंगररांगेवर. तेथे माणसे शतकानुशतके पायी जात आली, तेव्हा ना डांबरी रस्ता होता ना लॉज. राखी पौर्णिमेच्या परिक्रमेला आजही हजारो लोक पावसात चालतात.

धर्माच्या खालोखाल कारण व्यापाराचे. लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. देवदर्शन तर आहेच, पण घोडे, उंट, गाढवे यांचा तेथे जो बाजार भरतो तो पाहण्यास आणि सौदे करण्यास दूरदूरचे लोक येतात. बाजार आला की तमाशाचे फड आले, मिठाईची दुकाने आली. तिसरे कारण मुलाबाळांचे. नांदेड जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे, तेलंगणात, गोदावरीकाठी बासरची सरस्वती आहे. मुलाची पहिली अक्षरे देवीपुढे गिरवून घ्यावीत म्हणून आपल्याकडचीही कितीतरी कुटुंबे तेथे जातात. तेथे ना थंड हवा आहे ना धबधबा. पण आईच्या मनातली एक इच्छा आगगाडीचे डबे भरू शकते!

निव्वळ मौजेसाठी प्रवास ही कल्पना सामान्य माणसाच्या वाट्याला आली ती बरीच उशिरा. इंग्लंडमध्ये १८४१ च्या जुलैत थॉमस कुक नावाच्या गृहस्थाने लेस्टर ते लफबरो अशी सुमारे पाचशे माणसांची सहल आगगाडीने नेली. माणशी भाडे एक शिलिंग. मौज अशी की ही सहल दारूबंदीच्या सभेसाठी होती! पुढे कुकचे नाव जगभर झाले ते सहली काढणारा म्हणून. त्याने नवा डोंगर किंवा नवा समुद्र निर्माण केला नव्हता. तिकीट, गाडी आणि जेवण यांची एकत्र सोय केली, एवढेच.

आपल्याकडे माथेरानची कथा अशीच. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट साहेब १८५० साली तो डोंगर चढून गेले आणि साहेब लोकांना थंड हवेची जागा सापडली. पण साध्या कुटुंबाला माथेरान जवळ आले ते १९०७ साली, आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने नेरळपासून वर छोटी आगगाडी नेली तेव्हा.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. ठिकाण नावारूपाला येण्यास चार गोष्टी जुळाव्या लागतात. जाण्याचे कारण हवे, जाण्याची वाट हवी, रात्री पाठ टेकण्यास जागा हवी आणि "अहो, एकदा जाऊन याच" असे सांगणारे कोणीतरी हवे. यातील एकाची उणीव असली तरी सुंदर स्थळ सुंदरच राहते, पण तेथे माणूस पोहोचत नाही. पोहोचला तरी टिकत नाही.

नांदेडची तीनशे वर्षे

या चारही गोष्टी जुळल्या म्हणजे काय होते ते पाहण्यास नांदेडइतके बोलके शहर मराठवाड्यात दुसरे क्वचितच असेल. गुरू गोविंदसिंगजी १७०८ साली नांदेडला आले आणि त्याच वर्षी गोदावरीकाठी त्यांनी देह ठेवला. तत्पूर्वी गुरूपद त्यांनी ग्रंथसाहिबाकडे सोपविले. त्यामुळे सचखंड श्री हजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक झाले. आज जो गुरुद्वारा आपण पाहतो तो महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधविला. म्हणजे पंजाबचा राजा, आणि बांधकाम गोदावरीच्या काठी! श्रद्धेचे अंतर मैलांत मोजता येत नाही, ते असे.

कारण तर झाले. वाट कशी झाली? निजामाच्या राज्यात मनमाडहून हैदराबादकडे लोहमार्ग गेला आणि नांदेड त्यावर आले. पुढे अमृतसर-नांदेड सचखंड एक्सप्रेस सुरू झाली. या गाडीतील प्रवाशांना वाटेतल्या स्टेशनांवर शीख बांधव विनामूल्य जेवण देतात, हे आपण ऐकले असेलच. मुक्कामाची सोय यात्री-निवासांनी केली आणि जेवणाची लंगरने. राहिला सांगावा. तो तर प्रत्येक शीख घरात आधीपासूनच होता.

२००८ साली गुरुता-गद्दीला तीनशे वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने केंद्र आणि राज्य सरकारांनी नांदेडवर मोठा खर्च केला. रस्ते रुंद झाले, पूल झाले, गोदावरीचे घाट बांधले गेले, विमानतळ नव्याने सज्ज झाला. गुरुद्वाऱ्याभोवतीची दाट वस्ती हलवून परिसर मोकळा करण्यात आला. माझी बहीण म्हणते, "दादा, त्या दोन-तीन वर्षांत आमच्या गावानं कात टाकली." तिचे म्हणणे खरेच आहे. पाहुण्यासाठी झालेला रस्ता पाहुणा परत गेल्यावर आपल्या सोबत घेऊन जात नाही. त्यावरून गावातली मुले शाळेत जातात, दवाखान्याची गाडी धावते, भाजीवाला गाडा ढकलतो. पर्यटनाचा हा मोठा लाभ.

पण नाण्याची दुसरी बाजूही नांदेडने पाहिली. ज्यांची घरे हलली त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार सोडावा लागला. विमानतळ सज्ज झाला, पण विमानांची ये-जा कधी चालू तर कधी बंद अशी राहिली. कंपनी विमान चालवते ते प्रवासी भरतात म्हणून, आणि वर्षभर रोज विमान भरेल एवढे प्रवासी एकट्या उत्सवातून मिळत नाहीत. आणि २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली तेव्हा पंजाबातून आलेले हजारो यात्रेकरू महिना-सव्वा महिना नांदेडलाच अडकून पडले. लंगर होते म्हणून त्यांची जेवणाची आबाळ झाली नाही. त्यांची परतीची सोय एप्रिलच्या अखेरीस झाली. यात्रेकरूंवर पोट असलेल्या दुकानदारांना आणि रिक्षावाल्यांना मात्र त्यानंतरही कित्येक महिने गिऱ्हाइकांची वाट पाहावी लागली. ज्या गावाची चूल केवळ पाहुण्यावर पेटते त्या गावाने हे कधी विसरू नये.

हजार धारा आणि एक रिकामी पिशवी

भोकर सोडल्यावर हिमायतनगर लागते. जुनी माणसे त्याला अजून वाढोणा म्हणतात. तेथल्या परमेश्वराच्या देवळात हात जोडून आम्ही इस्लापूर गाठले आणि तेथून जवळच असलेल्या सहस्रकुंडला. गाडीतून उतरण्यापूर्वीच आवाज ऐकू आला. मुले धावत सुटली, सौभाग्यवती त्यांच्यामागे ओरडत सुटल्या आणि मातोश्री म्हणाल्या, "अरे, ही तर नदी चिडलीय."

पैनगंगा येथे काळ्या खडकांच्या पायऱ्यांवरून असंख्य धारांनी खाली कोसळते. अलीकडचा काठ मराठवाड्याचा, नांदेड जिल्ह्याचा. पलीकडचा विदर्भाचा, यवतमाळ जिल्ह्याचा. एकच पाणी दोन मुलखांतून दिसते आणि दोन्हीकडच्या काठांवर छत्र्या उघडून माणसे उभी असतात. श्रावणात पाऊस चांगला असेल, वरच्या अंगाला ईसापूर धरणातून पाणी सोडले असेल, तर हे दृश्य भान हरपून टाकणारे असते. तेच वैशाखात गेलात तर काळा खडक आणि खळग्यांत साचलेले थोडेसे पाणी. म्हणजे येथल्या पर्यटनाचा हंगाम पावसाळ्यापुरता, तीन-चार महिन्यांचा.

त्या दिवशी रविवार होता. शंभरावर गाड्या सहज असाव्यात. बहुतेक मंडळी आमच्यासारखीच होती. डबे घरून आणलेले. पाण्याच्या बाटल्या नांदेडहून घेतलेल्या. पेट्रोल नांदेडचे. सतरंजी टाकायची, दशम्या खायच्या, धबधब्यासमोर फोटो काढायचे आणि उजेडी परत फिरायचे. एक बाई टोपलीत मक्याची भाजलेली कणसे घेऊन बसली होती. तिच्याशी बोलता बोलता सौभाग्यवतींनी विचारले, "आज विक्री चांगली असेल ना?" ती म्हणाली, "लोकं बक्कळ हायेत ताई. पन समदे घरून खाऊन येतेत. माजी टोपली ऱ्हाती, अन् त्यांच्या पिशव्या इथंच ऱ्हातेत."

तिने हाताने दाखविले तिकडे मी पाहिले. झुडपांना अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या वाऱ्यावर फडफडत होत्या. आमच्या थोरल्याने वेफर्सची रिकामी पिशवी खडकामागे टाकण्यासाठी हात उचलला होता. तो त्याने गुपचूप खाली घेतला. पलीकडे काही तरुण, बंदी असतानाही, निसरड्या खडकावर उभे राहून फोटो काढीत होते. पावसाळ्यात राज्यातल्या कोणत्या ना कोणत्या धबधब्यात माणसे वाहून गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. अशा वेळी धावून जातात ते जवळच्या गावचे लोक. पर्यटक पाहायला येतो, शोधायला मात्र गावकरी उतरतो.

पैसा कोठे उतरतो?

आमच्या सौभाग्यवतींना हिशेबाची वही ठेवण्याची सवय आहे. सहलीला निघाले तरी ती पर्समध्ये असतेच. रात्री किनवटला मुक्काम केला तेव्हा त्यांनी दिवसाचा खर्च मांडला. जीपचे भाडे नांदेडच्या मालकाचे. पेट्रोल नांदेडच्या पंपाचे. बिस्किटे, पाणी, खाऊ नांदेडच्या दुकानातले. वेफर्स तर कोणत्या शहरातल्या कारखान्यातले कोण जाणे! भोकरच्या खात्यावर सहा चहा. सहस्रकुंडच्या खात्यावर चार कणसे. जे पाहण्यासाठी आम्ही एवढे दूर गेलो, त्या मुलखात रुपयातले पाच पैसेदेखील उतरले नव्हते.

अर्थशास्त्रज्ञ याला गळती म्हणतात. पर्यटक किती आले याची गणती होते, पण त्यांनी आणलेला पैसा गावात किती फिरला हे पाहणे अधिक महत्त्वाचे. तोच रुपया गावातल्या खाणावळीत दिला तर खाणावळवाली गावातल्या शेतकऱ्याकडून ज्वारी घेते, शेतकरी गावातल्या शिंप्याकडे मुलाचा सदरा शिवतो, शिंपी गावातल्या वाण्याकडून तेल घेतो. एकच रुपया चार घरी पाहुणचार घेऊन मग शहरात परततो. उलट आल्या पावली परत गेलेला पर्यटक धूळ, कचरा आणि गर्दी तेवढी ठेवून जातो. यात त्याचा दुष्टपणा नसतो. थांबावे, खावे, राहावे अशी सोयच गावात नसते, त्याला तो तरी काय करणार?

म्हणून मला वाटते, एखाद्या भागाचे पर्यटन त्याच्या भल्यासाठी आहे की नाही याची परीक्षा एका गोष्टीत आहे. पाहुणा तेथे रात्र काढतो का, आणि ती रात्र कोणाच्या घरी काढतो?

रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे समुद्रकाठचे खेडे आहे. तेथील किनाऱ्यावर समुद्री कासवे अंडी घालतात. पूर्वी ती अंडी चोरीला जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरट्यांची राखण सुरू केली आणि पुढे पिले समुद्रात जाताना पाहण्याचा महोत्सव भरू लागला. येणारे पाहुणे गावातल्या घरांतच उतरतात. ओसरीवर झोपतात, घरची बाई वाढील ते भात-आमटी, सोलकढी आनंदाने जेवतात. त्यामुळे कासवाचे एक घरटे वाचणे म्हणजे गावाची चूल वाचणे, हा हिशेब पोरासोरांनाही कळला. निसर्ग राखा म्हणून भाषण करण्याची गरजच उरली नाही.

दुसरे उदाहरण साताऱ्याजवळच्या कास पठाराचे. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर त्याचा जागतिक वारशात समावेश झाला आणि फुलांच्या दिवसांत तेथे एवढी झुंबड उडू लागली की फुले पाहण्यास आलेले लोक फुलांवरूनच चालू लागले. मग आसपासच्या गावांच्या समित्यांनी वन खात्याच्या साहाय्याने प्रवेशशुल्क ठेवले, दिवसाची संख्या तीन हजारांवर बांधून दिली, गावातले तरुण वाटाडे आणि राखणदार म्हणून नेमले. मराठवाड्यातले आपले अजिंठा पाहा. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीच्या वाटेवर ती लेणी दिसली आणि १९८३ साली ती जागतिक वारसा ठरली. पुढे माणसांच्या श्वासाने आणि मोटारींच्या धुराने त्या चित्रांनाच धोका दिसू लागला. आता आपली मोटार चार किलोमीटर अलीकडे फर्दापूरच्या तिठ्यावर ठेवावी लागते आणि पुढे तेथल्या बसने जावे लागते. एकेका लेण्यात एका वेळी मोजकीच माणसे सोडतात. काही लोक कुरकुरतात. पण दीड-दोन हजार वर्षे टिकलेली चित्रे आपल्या एका सुट्टीपायी फिकी पडू नयेत, एवढे तर आपणही म्हणू.

या तिन्ही ठिकाणी एक धागा समान आहे. पाहुण्याला बोलावतानाच त्याला चार नियम सांगितले गेले. आणि पाहुण्याला नियम सांगण्याचा अधिकार ज्याचे घर असते त्यालाच असतो.

भोकरने काय करावे?

आता पुन्हा भोकरकडे येऊ. भोकरजवळ सहस्रकुंड नाही, रेणुका नाही, तख्त नाही. पण भोकर या सर्वांच्या वाटेवर आहे. मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावरचे ते स्टेशन आहे. येथून एक रस्ता माहूरकडे तर दुसरा म्हैशाकडे, तेलंगणात जातो. शेजारच्या उमरीत जानेवारी १९४८ मध्ये हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या तरुणांनी बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला, ती हकीकत ऐकताना आमच्या मुलांचे डोळे विस्फारले होते. पण ती त्यांना सांगितली ती माझ्या मेहुण्यांनी, वाटेवरच्या एखाद्या पाटीने नव्हे.

वाटेवरचे गाव म्हणजे नशिबाने मागे राहिलेले गाव, असे मानण्याचे कारण नाही. माथेरानच्या पायथ्याचे नेरळ पाहा. महाबळेश्वरच्या वाटेवरचे वाई पाहा. तेथे कृष्णेचे घाट आणि ढोल्या गणपती यांच्यासाठी गाडी थांबतेच. पण एवढे दूरही जाण्याची गरज नाही. नांदेडहून लातूरकडे जाताना सोनखेड लागते. तेथे ना डोंगर ना धबधबा. पण तेथले दही-धपाटे खाण्यासाठी जाणारी-येणारी माणसे हटकून उतरतात. धपाटे तर मराठवाड्यात घरोघर होतात! कोणा तरी हुशार माणसाला वाटले, हेच आपण वाटसरूला देऊ. बाकीच्यांनी त्याचा कित्ता गिरविला आणि गावाचे नाव झाले. म्हणजे पर्यटनाचे भांडवल कधी कधी तव्यावरही असते.

भोकरात तसे काही का होऊ नये? ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी असे जेवण देणारी दोन-चार स्वच्छ खाणावळी, बाईमाणसाला निर्धास्तपणे वापरता येईल असे स्वच्छतागृह, चार घरांतून पाहुण्यांसाठी नीटनेटकी खोली आणि सहस्रकुंडला आज पाणी किती आहे हे विचारल्यावर खरे सांगणारा एखादा तरुण. यास कोट्यवधी रुपये लागत नाहीत. बचतगटाच्या बायका हे करू शकतील. सरकारने रस्ता नीट ठेवावा, धोक्याच्या जागी कठडा आणि माणूस ठेवावा. बाकीचे गावाने करावे.

हा प्रश्न चहाच्या गल्ल्यापुरता नाही. परतीच्या प्रवासात भोकर स्टेशनाजवळ मी पाठीवर पिशव्या अडकविलेली पोरे पाहिली. कोणी पुण्याला निघाला होता, कोणी हैदराबादला. कोरडवाहू शेती दर दोन-तीन वर्षांनी दगा देते आणि बारावी झालेला मुलगा शहराची गाडी धरतो. पर्यटनाने या सगळ्यांना काम मिळेल असे मी म्हणणार नाही. हंगाम तीन-चार महिन्यांचा, आणि शेतीची जागा पाहुणे घेऊ शकत नाहीत, घेऊ नये. पण शेतीला जोड म्हणून, पावसाळ्यात हाताशी चार पैसे म्हणून, दहा-वीस घरांतला एकेक मुलगा गावी राहू शकला तरी ते थोडे नव्हे.

आपल्या हाती काय आहे?

हा लेख वाचणारे बहुतेक आपण प्रवास करणारे. दिवाळीची सुट्टी आली की कोठे तरी निघणारे. गावाने काय करावे ते सांगणे सोपे. आपण काय करावे हेही पाहिले पाहिजे. एका दिवसात चार ठिकाणे उरकण्याऐवजी एका ठिकाणी रात्र काढावी. घरून दशम्या न्याव्यात, पण एक जेवण तेथल्या चुलीवरचे जेवावे. कचरा आणला तसा परत न्यावा. आणि भाव करताना कणसे विकणाऱ्या बाईपाशी दोन रुपयांसाठी घासाघीस करू नये. मॉलमध्ये आपण कधी ती करतो का?

माहूरहून परतताना दुपारी आम्ही भोकरला पोहोचलो. मातोश्रींच्या पदराला रेणुकेच्या तांबुलाचा वास होता. ड्रायव्हर नेहमीप्रमाणे म्हणाला, "चहा घेऊन निघू." पण सौभाग्यवती म्हणाल्या, "नाही, आज जेवूनच निघू." चहावाल्याने क्षणभर आमच्याकडे पाहिले. मग पोराला पिटाळून मागच्या गल्लीतल्या आपल्या मावशीकडे निरोप धाडला. अर्ध्या तासात तिच्या ओसरीवर आमची पंगत बसली. गरम भाकरी, पिठले, ठेचा, ताक. पैसे घेताना ती माउली संकोचली. "जेवायला घातल्याचे पैशे कसे घ्यावं?" म्हणू लागली. मातोश्रींनी ते तिच्या हातात कोंबले आणि म्हणाल्या, "घे ग. पुढच्या खेपेला आलो तर लाज न वाटता येता यावं म्हणून घे."

निघताना तिने आत जाऊन एक छोटी बरणी आणली आणि धाकटीच्या हातात दिली. घरचे लोणचे होते. धाकटीने झाकण उघडून वास घेतला आणि विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिले.

"बघा बाबा, मी म्हटलं नव्हतं?"

त्या रात्री हिशेबाच्या वहीत भोकरच्या खात्यावर सहा चहांखाली सहा जेवणे लिहिली गेली. लोणच्याची किंमत मात्र सौभाग्यवतींनी लिहिली नाही.